ट्रॅकसाठी कॉइलओव्हर घेताय? फिटिंग करायच्या आधी हे वाचा, मला कापून वेल्ड केलेला माल नवीन म्हणून विकला

पोलो, स्विफ्ट, आय ट्वेंटी एन लाइन, अल्ट्रॉझ रेसर असल्या छोट्या गाड्या घेऊन ट्रॅक डेला (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर फिरवायच्या दिवसाला) जायचं ज्यांच्या मनात आहे आणि त्यासाठी जे सध्या मुंबईत कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेलं, उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन शोधतायत, त्यांच्यासाठी लिहितोय. मोठं झालंय पण पूर्ण वाचा. पैसे गेले ते गेले, पण हा माल घेऊन कोणी खरंच ट्रॅकवर गेला तर जीव जाईल, म्हणून लिहायला बसलोय.

माझी पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. २०२० मधे आलं हे इंजिन आणि २०२२ मधे चाकणला पोलो बनवणंच बंद केलं, त्यामुळे ही गाडी गेली तर तशी परत नवीन मिळणार नाही, जिवापाड जपतो मी तिला. मुंबईत सर्किट नाही हे सगळ्यांना माहितीये, आम्हाला जायचं होतं कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला, म्हणजे इथून बाराशे किलोमीटरच्या वर, गाडी चालवत जायची, ट्रॅकवर फिरवायची आणि तीच चालवत परत आणायची. त्यामुळे मला शोसाठी गाडी जमिनीला टेकवायची नव्हतीच. थोडी खाली, थोडी कडक, आणि डॅम्पिंग (शॉकअप स्प्रिंगची उसळी किती रोखतो ते) नॉबने अ‍ॅडजस्ट होणारं, की ट्रॅकवर टाइट केलं आणि परत येताना सैल केलं.

असं ओरिजनल किट बाहेरून मागवलं तर ड्युटी धरून लाखाच्या वर जातं. वेस्टर्न सबर्ब्समधल्या एका दुकानवाल्याने ८५ हजार सांगितले. जर्मन कंपनीचं नाव, सीलबंद बॉक्स, वर पार्ट नंबरचा स्टिकर, तो नंबर मी तिथेच मोबाइलवर टाकून बघितला तर पोलोचाच निघाला. स्वस्त कसं विचारलं तर म्हणे भाऊ दुबईला असतो, सामानात घेऊन येतो, ड्युटी वाचते. बिल मागितलं तर 'दादा उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, आज अकाउंटवाला नाही'. यूपीआयला नाव आलं भलत्याच माणसाचं, त्यावर उत्तर तयार, 'पार्टनरचा नंबर आहे'. प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं त्याच्याकडे, आणि सगळं इतकं गोड बोलून की समोरच्याला पुढचा प्रश्न विचारायला कसंतरी वाटावं. पुढे कळलं की बॉक्स खराच होता, कोणाच्यातरी खऱ्या किटचा रिकामा झालेला. आत काय होतं ते वेगळं.

आणि घाई. यातली खरी गोम ती आहे. पैसे पडले की पाच मिनिटांत गाडी लिफ्टवर, दोन पोरं चाकं काढायला लागली, मी बॉक्समधला माल नीट हातात घेऊन बघायच्या आत पुढचा एक स्ट्रट (पुढच्या चाकाचा शॉकअप-स्प्रिंगचा खांब) बसलासुद्धा. 'फिटिंग फ्री आहे दादा, तुम्ही चहा घ्या.' फिटिंग फ्री का असते ते तेव्हा नाही, नंतर कळतं. एकदा माल गाडीला लागला की 'फिट केलेला माल परत नाही', आणि माझे कंपनीचे चारही शॉकअप, चांगल्या कंडिशनमधले, 'भंगारात टाकतो' म्हणून ठेवून घेतले ते वेगळेच.

गाडी खाली उतरली तेव्हा पुढून भलतीच खाली. मी म्हटलं वर घे, तर म्हणतो ट्रॅकची गाडी जितकी खाली तितकी चांगली. हे धादांत खोटं आहे आणि कोणीही सांगितलं तरी ऐकू नका. आपल्या या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे चाकाला वरून स्ट्रटच धरतो आणि खालून लोअर आर्म नावाचा दांडा. गाडी फार खाली घेतली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, मग वळणावर बॉडी दाबली की चाकाला कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकणं) मिळायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी वळणावर झुकते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतं, म्हणजे दिसायला खाली पण त्याच स्प्रिंगवर झुकते जास्त. शिवाय शॉकअपचा ट्रॅव्हल (वरखाली हलायची जागा) संपून गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे टोकाच्या रबरी ठोकळ्यावर बसते. त्यात इंडियातल्या पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स युरोपातल्यापेक्षा मुळातच जास्त दिलाय, इथल्या रस्त्यांसाठी, त्यामुळे तिकडचा 'इतके एमएम लोअर' आकडा इथे आंधळेपणाने धरता येत नाही.

घरी येताना सायन-पनवेलवर पुलाचा जॉइंट आला की गाडी एकदा आदळून थांबत नव्हती, दोन-तीन वेळा हलत राहायची. कडक स्प्रिंगला तितकाच ताकदवान डॅम्पर, म्हणजे शॉकअप लागतो, स्प्रिंग परत उसळते तिला धरून ठेवायचं काम त्याचं. डॅम्पर मेलेला असेल तर वरून गाडी 'टाइट' वाटते, कंबर दुखते, लोकांना वाटतं वा काय ट्रॅक सेटअप आहे, आणि खाली टायर रस्ता सोडत असतो. नॉब पूर्ण सैल केला, पूर्ण टाइट केला, काडीचा फरक नाही. दुकानवाला म्हणे 'सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात दादा'.

मी हजार किलोमीटर थांबलो नाही. भांडुपला एक काका आहेत, रॅलीवाल्यांचे शॉकअप उघडून रिबिल्ड करतात, गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी मागचा काढला. जमिनीवर उभा धरून अंगाचं वजन देऊन दाबला, रॉड आत गेला आणि आतच राहिला. चांगल्या गॅस शॉकअपचा रॉड सोडल्यावर आपोआप हळूहळू बाहेर येतो, एका संथ चालीने. मग नॉब धरून फिरवला तर तो गोल गोल फिरतच राहिला, टोकाला कुठे अडकेच ना, आतमधे तेलाची वाट कमी-जास्त करणारी सुई नाही काही नाही, वरून नुसती चिकटवलेली टोपी. काका काही बोलले नाहीत, फडकं थिनरमधे बुडवून नळीवरचा रंग पुसत बसले. रंगाखालून दुसराच रंग निघाला, घासून बुजवलेला जुना नंबर निघाला.

पुढचा स्ट्रट काढला तेव्हा मात्र ते खाली बसले आणि म्हणाले, 'अरे ही गाडी तू हायवेला चालवलीस?' चाकाचा नकल (knuckle, चाकाचं हब धरणारा लोखंडी भाग) जिथे बोल्टने बसतो तो ब्रॅकेट माझ्या गाडीचा, वरची नळी दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची, मधे कापून जोडलेली, हाताने मारलेलं वेल्डिंग, त्यावर ग्राइंडर, त्यावर पुट्टी आणि वर कंपनीचा रंग. पुट्टी नखाने निघत होती. त्या जोडावर माझं पुढचं चाक उभं होतं. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमधून जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं आणि ते त्याच जोडावर जातं. हे आठवलं की अजूनही हात थरथरतात माझे, आणि रागही येतो, कारण हे चुकून झालेलं काम नाही, कोणीतरी बसून, विचार करून, पुट्टी घासून केलेलं आहे, ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला विकायचंय हे माहीत असताना.

तर घेताना माल आधी हातात घ्या, फिटिंग दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या गॅरेजला. गॅस शॉकअप असेल तर चारही दाबून सोडा, डावा-उजवा सारख्या वेगाने वर आले पाहिजेत. नॉब असेल तर सैल आणि टाइट करून रॉड ओढून बघा, हाताला फरक कळतो. मॉडेलची माहिती काढून जा. बिलस्टीनचा बी १४ फक्त उंचीला अ‍ॅडजस्ट होतो, डॅम्पिंगचा नॉब बी १६ ला असतो, केडब्ल्यूचा व्हेरिएंट १ डॅम्पिंगला फिक्स आणि ३ ला कम्प्रेशन-रिबाउंड (दाबलं जाताना आणि परत उसळताना) वेगवेगळं, त्यामुळे बॉक्सवर एक आणि हातात दुसरं असेल तर तिथेच उठा. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा पिळला जाणारा दांडा) आहे, स्प्रिंग वेगळी शॉकअप वेगळा, त्यामुळे मागे 'खरा कॉइलओव्हर' देतो म्हणणाऱ्याला तुमची गाडीच माहीत नाही. स्प्रिंगच्या तारेवर नंबर छापलेला असतो, तो नसेल तर स्प्रिंग किती कडक आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नाही. आणि स्वतःचे जुने शॉकअप डिकीत टाकून घरी आणा, कोणी कितीही भंगार म्हणो.

दुकानवाल्याला फोटो पाठवले तर आधी 'तुम्ही ट्रॅकवर वापरलं, वॉरंटी गेली'. गाडी ट्रॅकवर गेलीच नव्हती हो. मग म्हणे 'तक्रार करा, गाडी मॉडिफाय केलीये तुम्ही, आरटीओ तुम्हालाच धरेल', आणि नंबर ब्लॉक. या धमकीने पुष्कळ जण गप्प बसत असतील. मॉडिफिकेशनचे नियम कडक आहेत हे खरंय, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इन्शुरन्सवालाही नाटकं करू शकतो, पण म्हणून खोटा माल नवीन म्हणून विकायचं लायसन्स त्याला मिळत नाही. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, आता जिल्हा ग्राहक आयोगात केस दाखल करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत जायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट, यूपीआयची एंट्री, काढताना काढलेले व्हिडिओ, काकांचं सहीनिशी लिहून दिलेलं, आणि तो माल, सगळं जपून ठेवलंय. रागाच्या भरात माल त्याच्या तोंडावर फेकून येऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे.

गाडीला आता कंपनीचे नवीन शॉकअप आहेत. कोईमतूरला याच सस्पेन्शनवर जाणार, चांगले टायर, ब्रेक पॅड आणि नवीन ब्रेक ऑइल घालून, आणि काकांचं म्हणणं आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याला तेवढं पुरे.

ज्यांनी गेल्या वर्षभरात असं बिलाशिवाय, 'दुबईचं' किट बसवून घेतलंय त्यांनी आजच एवढं करा. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकामागे टॉर्च मारा, स्ट्रटची नळी ब्रॅकेटपासून वर स्प्रिंगच्या प्लेटपर्यंत बोट फिरवून बघा. ब्रॅकेटला कंपनीचं वेल्डिंग असतंच, ते सरळ आणि एकसारखं असतं, त्याने घाबरू नका. पण नळीच्या मधोमध गोल फिरलेला उंचवटा लागला, किंवा रंग नखाने टवका उडून निघाला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग बोलवा.