स्मार्ट मीटर, आठ महिन्यांनंतर: मीटर झकास, पण आधी रेंज बघा

आमच्या सोसायटीत स्मार्ट मीटर लागून आठ महिने झाले, रोज कुणीतरी विचारतंच कसा आहे म्हणून, तर एकदाच सगळं लिहिते. मीटर म्हणून वस्तू चांगली आहे, पण तो रीडिंग स्वतःच कंपनीला पाठवतो, त्यामुळे त्याची सगळी हुशारी रेंजवर चालते आणि हे बसवायला आलेल्यांपैकी एकानेही सांगितलं नाही.

पहिले दोन महिने अ‍ॅपवर फक्त "डेटा उपलब्ध नाही". बिल आलं ते सरासरीचं. आम्ही बारा दिवस गावी होतो, घराला कुलूप, तरी आकडा मागच्या महिन्याइतकाच! तीन तक्रारी केल्यावर एक तंत्रज्ञ मुलगा आला, त्याने मोबाईल हातात धरून मीटर रूमचं लोखंडी दार लावलं आणि रेंज बघता बघता शून्यावर गेली, गेटपाशी मात्र फुल. आमची मीटर रूम जिन्याखाली, तिन्ही बाजूंनी आरसीसी, मग मीटरमधल्या सिम कार्डाला टॉवर सापडणार कसा? त्याने मीटरपासून वायर ओढून दाराबाहेर बोटभर अँटेना लावला, संध्याकाळपर्यंत अ‍ॅपमध्ये आकडे यायला लागले. मधल्या काळातलं रीडिंगही आलं, कारण रेंज नसली तरी मीटर नोंदी साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो.

मावशीकडे वेगळी पद्धत आहे, तिथे सिम नाही, आरएफ मेश आहे, म्हणजे मीटरांचं आपसातलं रेडिओ जाळं. एक मीटर शेजारच्या मीटरला निरोप देतो, तो पुढच्याला, असं करत खांबावरच्या डब्यापर्यंत. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कामाला लायसन्सशिवाय वापरता येतो आणि ही फ्रिक्वेन्सी भिंतींतून मोबाईलच्या वरच्या बँडपेक्षा बरी जाते. दाट वस्तीत मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. एकटं शेतावरचं घर असेल तर मात्र शेजारी मीटरच नाही, निरोप देणार कुणाला, तिथे सिमच बरं.

आणि 5जी नाही म्हणून घाबरू नका. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद धरली तरी दिवसाला ९६ आकडे होतात, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोपेक्षाही कमी. रीडिंग तासभर उशिरा गेलं तरी चालतं. पण पैसे भरल्यावर लाइट परत जोडायचा हुकूम किंवा लाइट गेल्याची खबर लगेच पोचायला हवी, तिथे 5जीसारखा इंटरनेटचा वेग नाही, दर वेळी नक्की पोचणं महत्त्वाचं. देशात २५ कोटी मीटर बसवायची योजना २०२१ पासून चालू आहे, एवढ्या मीटरांत थोडे जरी मुके राहिले तरी किती घरांना अंदाजाची बिलं जातील बघा.

फायदा खरंच आहे. सकाळी पावणेसातला गीझर लागला की आलेखात उंच काडी दिसते, ती बघून सासूबाईंनीच वेळ निम्मी केली. केंद्र सरकारच्या २०२३ च्या वीज नियमांनी उन्हाच्या तासांत वीज स्वस्त ठेवायची दिशा धरली आहे, म्हणून वॉशिंग मशीन आता दुपारी लावतो. पण बिलच सरासरीचं आलं तर त्या सवलतीचा हिशोब लागणार कसा, म्हणून रेंजचा एवढा धोशा लावते.

मीटरला ५ पैकी ४, बसवणाऱ्यांच्या कामाला २. तुमच्याकडे माणसं आली की मीटरवर आयएस १६४४४ (स्मार्ट मीटरचं भारतीय मानक) छापलंय ना ते बघा आणि सही करायच्या आधी त्यांच्यासमोर रेंज तपासायला लावा. मीटर रूमचं दार बंद करून, उघडं ठेवून नाही.