कोथरूडमधला ड्रायव्हिंग क्लास : घरात तान्हं बाळ असताना गाडी शिकायची असेल तर

लेक पाच महिन्यांची होती तेव्हा गाडी शिकायला लागले, नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, आणि लसीच्या डोसच्या दिवशी तिला दुपट्यात गुंडाळून उन्हात रिक्षा शोधत उभं राहायचा खरंच कंटाळा आला होता.

आधी घराजवळच्याच एका क्लासला गेले होते. तिथले सर म्हणाले ताई बाळाला घेऊन या, सासूबाई मागे मांडीवर घेऊन बसतील, सगळेच असं करतात. मी दोन दिवस तसंच केलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी बंद पडली, मागून हॉर्न, लेक रडायला लागली, मी मागे बघितलं आणि सरांनीही मागे वळून बघितलं. म्हणजे त्या क्षणी रस्त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं! तो क्लास तिथेच सोडला.

मग हा क्लास मिळाला. इथल्या मॅडमनी फोनवरच सांगितलं, बाळ गाडीत नको, तुम्ही त्याच्या झोपेची वेळ सांगा, मी तो स्लॉट देते. सकाळी ७ ते ७:३० मिळाला आणि २१ दिवसांत एकदाही बदलला नाही. कारण पण नीट समजावलं. लर्निंग लायसन्सवर शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो तो नुसता सोबतीला नाही, गाडी कंट्रोल करता येईल किंवा थांबवता येईल असा तो बसलेला असायला हवा हा नियमच आहे. क्लासच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा क्लच-ब्रेक असतो, आपल्या घरच्या गाडीत नवऱ्याच्या हाताशी फक्त हँडब्रेक, आणि बाळ रडलं की तोच मागे वळणार. मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. (स्कूटर शिकणाऱ्यांनी तर बाळाचा विचारही करू नका, तिथे शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचंच नाही असा नियम आहे.)

सगळ्यात आवडलं ते शेवटच्या आठवड्यात. मॅडम म्हणाल्या तुमची बेबी सीट घेऊन या. ती मागच्या सीटवर बाळाचं तोंड मागे होईल अशी बेल्टने कशी आवळायची ते दाखवलं, पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना अशी सीट कधीच लावायची नाही हेही बजावलं. मग त्यात पाच किलो गव्हाची पिशवी बांधली आणि चांदणी चौकाच्या चढावर नेलं, हाफ क्लचवर (क्लच अर्धाच सोडून) गाडी उचलताना पिशवी हलली की पुन्हा. तिसऱ्या दिवशी हलली नाही, मला रडूच आलं.

आमच्याकडे मांडीवर बाळ घेऊन बसणं इतकं सवयीचं आहे की सीट विकत घेतली तेव्हा घरात सगळे म्हणाले कशाला एवढा खर्च. अहो, जोरात ब्रेक लागला तर हातात धरलेलं बाळ धरून ठेवताच येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, तो भरायची वेळ येऊच नये.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण रिव्हर्स पार्किंग फक्त दोनच दिवस घेतलं, मला सोसायटीत अजून जमत नाही, आणि गाडीचा एसी बंद होता. फी साडेसहा हजार, लायसन्सचं काम वेगळं.

पर्मनंट लायसन्स आल्यावरही मी महिनाभर रिकामी सीट मागे ठेवून एकटीच फिरले. मागच्या गुरुवारी लेकीला पहिल्यांदा बसवलं, घरापासून दवाखान्यापर्यंत, सासूबाई तिच्या शेजारी. ती झोपून गेली.