तीन तुकड्यांचा ब्रेक-जंप क्यू: घ्यावा का, आणि स्पर्धेत चालू द्यावा का?

पूर्ण जोडला की साधारण ५८ इंचांचा ब्रेक क्यू (मांडलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्याची काठी), मागचा तुकडा काढला की ४०-४२ इंचांचा जंप क्यू (पांढरा बॉल अडवणाऱ्या बॉलवरून उडवण्याची काठी). नाशिकच्या क्लबांत पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यांनी हा घ्यावा, पण कशासाठी घेतोय ते नीट समजून.

ब्रेकसाठी काम चोख. टिप, म्हणजे क्यूचं टोक, कडक असल्याने मार वाया जात नाही. मात्र कडक टिप चॉक (घसरू नये म्हणून टिपला लावायचा खडू) धरत नाही. पांढऱ्याच्या मधोमध मारलं तरच ठीक, जरा बाजूला गेलात की मिसक्यू, म्हणजे टिप घसरते. टिपवर अधूनमधून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा.

खरी किमया जंपमध्ये आहे. वरून तिरका मार बसला की पांढरा कापडाखालच्या स्लेटवर आपटून उसळतो. पूर्ण क्यू जड, मार बसल्यावरही तो पुढे रेटतच राहतो आणि उसळू पाहणाऱ्या पांढऱ्याला दाबून धरतो. हलका क्यू त्याच क्षणी मागे फेकला जातो आणि पांढऱ्याची वाट मोकळी होते. म्हणून तर मागचा तुकडा काढायचा. क्यू ४० ते ४५ अंश उचला, ब्रिजचा (क्यूला टेकू देणारा) हात उंच ठेवा, मनगट सैल ठेवून झटका द्या. जोर लावाल तर पांढरा थेट जमिनीवर. आणि टिप खाली घुसवून पांढरा उचलणं म्हणजे जंप नव्हे, तो फाउल. सराव करताना पांढऱ्याखाली जुन्या कापडाचा तुकडा ठेवा, नाहीतर क्लबच्या टेबलावर पांढरे डाग पडतात आणि चालकाची नाराजी रास्तच असते. स्नूकरच्या टेबलावर हा प्रकार करूच नका. तिथे जंप फाउल धरला जातो.

आता वादाचा मुद्दा. ‘अडवलेला बॉल सहज सुटतो, मग सेफ्टीला (समोरच्याला अडचणीत टाकणाऱ्या बचावात्मक फटक्याला) अर्थ काय?’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. अडवणारा बॉल वीतभर लांब असेल तर जंप क्यूने सुटका होते; पूर्ण क्यूने तीच उडी फार अवघड. पण तो बोटभर अंतरावर असेल तर जंप क्यूही हात टेकतो. म्हणजे सेफ्टी मरत नाही, ती अधिक घट्ट लावावी लागते. खेळ त्याने समृद्धच होतो. जागतिक पूल संघटनेच्या नियमांतही जंप क्यूला जागा आहे: लांबी किमान ४० इंच, वजन २५ औंसांपर्यंत, टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

खरा अन्याय वेगळा आहे. एकाकडे हा क्यू आणि दुसऱ्याच्या हातात क्लबच्या रॅकमधला वाकडा क्यू, हे बरोबर नाही. स्थानिक स्पर्धेच्या आयोजकांनी टेबलाशेजारी एक जंप क्यू दोघांसाठी ठेवावा, खेळ सुरू होण्याआधी टेपने लांबी मोजावी आणि जंप चालणार की नाही ते प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावं.

घेताना दोन्ही जोड घट्ट बसवून क्यू सपाट टेबलावर लोळवा. थरथरला तर परत ठेवा. टिपखालच्या पांढऱ्या कड्यावर बारीक चीर आहे का, तेही पाहा, कारण कडक टिपचा मार तिथेच बसतो. शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) लाकडी असेल तर पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकतो. कार्बन शाफ्टला ही भीती नाही.