.३१५ की .३०-०६? रायफल घेण्याआधी

शस्त्रपरवाना हातात आला की .३१५ आणि .३०-०६ या दोन मापांच्या रायफलींत निवड करायची वेळ येते, आणि नागपुरात पहिला सल्ला ठरलेला: ‘.३१५ घ्या भाऊ, काडतूस मिळते.’ सल्ला खोटा नाही. रायफल देशी, काडतूस देशी, गोळी २४४ ग्रेनची (जवळपास १६ ग्रॅम), जड आणि बेताच्या वेगाची. काटोलकडच्या संत्राबागेत, वनखात्याची लेखी परवानगी खिशात ठेवून, जवळून रानडुक्कर पाडायला ती भरपूर झाली.

.३०-०६ ची गोळी हलकी, वेग जास्त, मार सपाट, म्हणजे गोळी लांबवर फारशी खाली न पडता जाते. काडतूस मात्र महाग, आणि दुकानदार ‘मागवावं लागेल’ म्हणतो. इथवर पारडं .३१५ कडेच.

घोडं अडतं ते मॅगझिनपाशी, म्हणजे काडतुसं एकावर एक रचायच्या पेटीपाशी. .३१५ चं काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या १८८८ च्या मॅनलिखर या लष्करी रायफलीचं, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढेच बसायला हवी. मागे राहिली तर बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा) पुढे ढकलताच दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. मग मॅगझिन काढा, काडतुसं बाहेर घ्या, परत रचा. दिवसा ठीक आहे. रात्री मचाणावर बॅटरी दातात धरून हे करेपर्यंत डुक्कर शेजाऱ्याच्या तुरीत पोचलेलं असतं. .३०-०६ ला बाहेर आलेली कडच नाही, नुसती खाच आहे. भरा आणि विसरा.

कुणी म्हणेल, महाग पडतं तर रिकाम्या पुंगळीत दारू आणि गोळी घालून काडतूस घरी भरा. अमेरिकेत भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. शिवाय काडतूस तेच असलं तरी आजच्या दणकट रायफलीला चालणारी दारूची भरती जुन्या रायफलीला झेपेलच असं नाही. .३१५ मध्ये तर बार उडताना बोल्ट जागेवर धरणारी कुलपं मागच्या अंगाला, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धाटणीची. दाब वाढवण्याचे प्रयोग तिच्यावर नकोच. तिच्या काडतुसाच्या बुडावर ‘८ एमएम’ दिसतं, म्हणून कुणी ८ एमएम मॉसर या जर्मन रायफलीचं काडतूस पुढे केलं तर हात जोडा. ते वेगळं आहे, दाबही जास्त.

ज्याला दर महिन्याला रेंजवर जायचं आहे, त्यानं खर्चाकडे बघून .३१५ घेतली तर मी वाद घालणार नाही. माझ्याकडे .३०-०६ आहे. पैसे मोजण्याआधी दुकानदाराकडून एवढं वदवून घ्या, की मागवलेली काडतुसं किती दिवसांत येतात आणि एका वेळी किती देणार.