मेटल डिटेक्टर: बरेच महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायचे कष्ट नकोत. छंद म्हणून घ्यायचा असेल तर मधल्या श्रेणीतला मेटल डिटेक्टर भरपूर झाला. यातून पैसे वसूल होतील अशा हिशेबाने घेणार असाल तर राहू द्या. आणि स्क्रीनवरचा जो आकडा दाखवून ही यंत्रं विकली जातात, त्या आकड्यावर कानापेक्षा जास्त भरवसा ठेवू नका. पुढचं बरंचसं लिखाण या शेवटच्या मुद्द्याभोवतीच फिरतं.

माझं यंत्र व्हीएलएफ प्रकारचं, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सी वापरणारं, तीही एकच, आणि ११ इंची डबल-डी कॉइलचं. कॉइल म्हणजे जमिनीवर फिरवायची तबकडी, आणि डबल-डी म्हणजे तिच्या आतली वेढणी इंग्रजी D च्या आकाराची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या यंत्रांत फारसं डावं-उजवं नसतं, आणि नावावरून सुरू झालेले वाद संपता संपत नाहीत. ऊन, पाऊस, थंडी, सगळं पाहून झालंय. वजन सव्वा किलोच्या आसपास. कागदावर हे काहीच वाटत नाही, पण हात पुढे करून तासभर डावीकडून उजवीकडे झुलवत राहिलात की खांद्यापासून मनगटापर्यंतचा एकेक स्नायू आपली ओळख करून देतो. म्हणून दांड्याची लांबी उंचीला जुळवून घेणं हे पहिलं काम. ताठ उभं राहून, कंबरेत न वाकता कॉइल जमिनीला समांतर फिरली पाहिजे. दांड्याच्या जोडांत पहिल्या दिवसापासून थोडी खडखड आहे, ती गेली नाही, आणि तिचा त्रासही होत नाही. कॉइलची वायर मात्र दांड्याला घट्ट गुंडाळून ठेवा. सैल राहिली तर झुलताना तिच्या हलण्यानेच खोटे सिग्नल येतात.

आता तो आकडा. कॉइलमध्ये दोन वेढणी असतात. एक जमिनीत सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडतं. त्याने खालच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र दुसरं वेढणं पकडतं. परत आलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या किती मागे पडलाय यावरून यंत्र आकडा काढतं. वस्तू कशाची आहे, केवढी आहे, किती जाड आहे, कोणत्या कोनात पडली आहे, हे सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं असतं. चांदी आणि तांबं वरच्या टोकाला, लोखंड खालच्या टोकाला, इतपत ठीक. मधे मात्र सगळा गोंधळ. सोन्याची नाजूक अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी, दोन्हींचा आकडा सारखा येऊ शकतो. चॉकलेटच्या वेष्टनाची चांदीही तिथेच घुटमळते. म्हणजे कचरा नको म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको त्या आकड्यांचे सिग्नल गाळायची सोय) वापरून तो पट्टा बंद केलात की सोन्यावरही पाणी सोडलंत.

यावर उपाय एकच: कचरा खणायचा. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणजे काय ते या छंदात अक्षरशः कळतं, फक्त इथे उंदीर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो.

काही आठवडे गेले की कान तयार होऊ लागतो. चांगला सिग्नल गोल असतो. कॉइल डावीकडून नेली काय, उजवीकडून नेली काय, आवाज त्याच जागी उठतो आणि त्याच जागी मिटतो. मग नव्वद अंशात वळून आडवं फिरवायचं. तरीही तोच टोन आला तर गुडघे टेकायला हरकत नाही. गंजलेला खिळा एका बाजूने गोड गातो आणि दुसऱ्या बाजूने घुरघुरतो. सगळ्यात लबाड म्हणजे बाटलीची पत्र्याची बुचं. आकडा असा झकास देतात की पाहणाऱ्याला नाणंच वाटावं. त्यावर एक युक्ती आहे. सिग्नलवरून कॉइल हळूहळू मागे ओढत न्यायची, अशी की वस्तू कॉइलच्या पुढच्या कडेखाली येईल. बूच असेल तर त्या क्षणी टोन फाटतो आणि मधेच लोखंडाची घुरघुर ऐकू येते. नाणं असेल तर आवाज फक्त क्षीण होत जातो, फाटत नाही. दरवेळी चालेलच असं नाही, पण माझी निम्मी खणाखणी या युक्तीने वाचवली.

एक सिग्नल सविस्तर सांगतो. मालकाची परवानगी घेऊन नुकत्याच नांगरलेल्या शेतात फिरत होतो. आकडा पन्नाशीच्या आसपास, एक-दोन अंकांनी इकडेतिकडे, टोन स्वच्छ पण हलका. आडव्या-उभ्या फेऱ्यांनी जागा नक्की केली, खुरप्याने ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं आणि खड्ड्यावर पुन्हा कॉइल फिरवली. खड्डा गप्प. म्हणजे वस्तू ढेकळात. हे तपासायची सवय लावून घ्या, नाहीतर माणूस रिकाम्या खड्ड्यात हातभर खाली जातो आणि वस्तू शेजारच्या ढिगाऱ्यात बसून असते. ढेकळाचे दोन भाग केले, कोणता बोलतो ते पाहिलं, त्याचे पुन्हा दोन. शेवटी मुठीएवढी माती उरली, तिच्यात पिनपॉइंटरचं, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरचं, टोक घातलं आणि तो थरथरला. पितळी बटण. वरचा मुलामा उडालेला, पाठीमागची शिवायची कडी मात्र शाबूत, आणि त्या कडीत माती इतकी गच्च बसलेली की काडीने टोकरून काढावी लागली. किंमत शून्य. ते बटण अजून टेबलावर आहे.

खोलीबद्दलचे दावे निम्म्याने कमी करून वाचा. नाण्याएवढी वस्तू १५ ते २० सेंटिमीटरवर सापडली तर यंत्र उत्तम चाललंय असं समजा. याला कंपनीची लबाडी कमी आणि भौतिकशास्त्र जास्त जबाबदार आहे. छोट्या वस्तूपर्यंत पोचणारं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, आणि तिच्याकडून परत येणारंही तसंच घटतं. कॉइलच्या आकारापेक्षा बऱ्याच जास्त खोलीवर अंतर दुप्पट झालं की सिग्नल ढोबळमानाने चौसष्टांश उरतो. म्हणून दुप्पट महागडं यंत्र दुप्पट खोल जात नाही, चार-दोन बोटं खाली जातं. स्क्रीनवरचं खोलीचं चिन्हही नाण्याचा आकार गृहीत धरून चालतं. मोठा पत्रा खोलवर पडलेला असला तरी यंत्र त्याला उथळच समजतं.

मातीचा हिशेब वेगळा. लोहखनिजाने भरलेली जमीन स्वतःच सिग्नल देते, म्हणून ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेली जागा शोधून कॉइल वर-खाली करत राहायचं, आवाज सपाट झाला की जमीन जुळली. हे सकाळी एकदा केलं की दिवस सुटला असं नाही, माती बदलली की पुन्हा करावं लागतं. आणि ओल्या, खाऱ्या वाळूत माझं यंत्र अक्षरशः बरळतं. खारं पाणी विजेचं वाहक, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राला मीठ आणि धातू वेगळं करता येत नाही. सेन्सिटिव्हिटी खाली आणली की शांत होतं, पण खोलीही जाते. मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्रं दोन-तीन फ्रिक्वेन्सींची तुलना करून मिठाचा सिग्नल वजा करतात. पल्स इंडक्शनवाली, म्हणजे सलग लहरींऐवजी झटके सोडणारी यंत्रं ओल्या वाळूला फारशी जुमानत नाहीत, पण त्यांना लोखंड आणि सोनं यातला फरक नीट सांगता येत नाही. कोरड्या वाळूत माझ्या यंत्राची तक्रार नाही.

त्या कोरड्या वाळूतच यंत्राने सगळ्यात चांगलं काम केलं. एका बाईंची अंगठी पडली होती. कपाळाला हात लावून बसल्या होत्या आणि मी जवळ जाताच विचारलं, "दादा, सापडेल ना?" अशा वेळी "कुठे पडली?" हा प्रश्न निरुपयोगी असतो, कारण माणूस अंगठी नाही हे लक्षात आलेली जागा दाखवतो. बोटात शेवटची कधी पाहिली ते विचारायचं. टॉवेल झटकला ती जागा वेगळीच निघाली. वाळूवर रेघा ओढून पट्टे पाडले, डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद केलं, आणि प्रत्येक पट्टा मागच्याला अर्धा झाकेल असा फिरवला. आकडा चॉकलेटच्या चांदीचा आला. टोन गोल होता. अंगठी चार बोटं खाली, उभी रुतलेली.

जुन्या पडक्या घरांच्या आसपास मात्र ११ इंची कॉइल हतबल होते. तिथे वीतभर जागेत पाच-सहा खिळे असतात, आणि लोखंडाच्या गोंगाटात शेजारची चांगली वस्तू बुडून जाते. हे दुखणं या यंत्राच्या जन्माइतकंच जुनं आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं इंडक्शन बॅलन्स नावाचं धातूशोधक यंत्र घेऊन गेले. यंत्र चाचण्यांत नीट चाललं होतं, रुग्णाच्या खाटेपाशी गडबडलं. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. यंत्र चांगलं, भोवती लोखंड, आणि चुकीच्या जागी शोध: आमच्या निम्म्या मोहिमांचं वर्णन यापेक्षा वेगळं नाही.

दोन अँटेना लावलेलं, शेकडो मीटरवरून सोनं दाखवणारं 'लाँग रेंज' यंत्र कोणी विकत असेल तर हात जोडून निघा. वर सांगितलेला चौसष्टांशाचा हिशेब आठवा. हातात फिरणारी काडी आणि तिला जोडलेला प्लॅस्टिकचा डबा, याहून त्यात बहुतेक काही नसतं. याच जातीची एडीई ६५१ नावाची बनावट बॉम्बशोधक यंत्रं इराकमध्ये तपासणी नाक्यांवर वापरली गेली. ती विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली.

मोहिमेवर निघण्याआधी कायदा पाहा, आणि हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुराणवस्तू शोधायला डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार खजिन्यात मोडणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. भारतात १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा कायदा आहे, आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवण्याची मर्यादा आहे दहा रुपये, म्हणजे त्याहून जास्त किमतीचं सापडलं की कळवायचं. संरक्षित स्मारकांच्या आवारात तर यंत्र गाडीतून काढायचंही नाही. जुन्या रणभूमीवर अनोळखी, जड, लांबट लोखंड दिसलं की हात लावायचा नाही, खूण करून पोलिसांना कळवायचं.

जमिनीत वस्तू कशाशेजारी, कोणत्या थरात पडली होती हे गेलं की तिची अर्धी गोष्ट गेली. १९९२ साली इंग्लंडमध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज आपल्या मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातला ठेवा लागला, सुमारे १५ हजार नाणी आणि शिवाय दागिने, चमचे. काही वस्तू बाहेर काढल्यावर त्यांनी खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना लाकडी पेटीच्या खुणांसकट बाकीचं जागच्या जागी पाहता आलं. हातोडीही सापडली, तीही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला या प्रकरणातलं थांबणं सोन्यापेक्षा अवघड वाटतं. पितळी बटणापाशीसुद्धा हात थांबत नव्हता.

किरकोळ गोष्टी भराभर. वायरलेस हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येत असेल तर कॉइल तोवर वीतभर पुढे गेलेली असते आणि आपण भलत्याच जागी खणतो. वायरवाला हेडफोन बरा. विजेच्या तारांखाली यंत्र कारण नसताना किलबिलतं, मोबाइलही कॉइलपासून लांब ठेवा. माझ्या यंत्राची कॉइल पाण्यात चालते, वरची पेटी नाही, आणि पेटीवरचं रबरी झाकण आता थोडं सैल झालंय. भर उन्हात स्क्रीन धूसर दिसते. बॅटरीबद्दल तक्रार नाही. खारी हवा लागली की त्याच दिवशी कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने पुसून घ्या, आणि कॉइलचं कव्हर अधूनमधून काढून आत साचलेली काळी वाळू झटका, तिच्यात चुंबकीय कण असतात.

पुढची खरेदी मोठ्या यंत्राची नाही. सहा इंची कॉइल मागवली आहे, त्या खिळ्यांच्या जागांसाठी. बहुतेक वेळ ओल्या वाळूतच जाणार असेल तर सुरुवातीलाच मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र घ्या. तसं नसेल तर तो जादाचा पैसा पिनपॉइंटर, चांगलं खुरपं आणि छोट्या कॉइलवर घाला.