मापाची वही, गुगल शीट आणि आमची बाराबंदी

दुकानातल्या मापांसाठी पोरानं बसवलेल्या गुगल शीटच्या जोडणीला पाचपैकी ३॥ गुण देतो. हे साडेतीन आहे, ते आधीच सांगून ठेवतो. कारण खाली येईलच.

सोलापुरात नवी पेठेजवळ आमचं जेन्ट्स टेलरिंग. कपाटात वडिलांच्या काळापासूनच्या मापाच्या वह्या. 'उद्या या' हे दोन शब्द या धंद्यात मी किती वेळा वापरले असतील, सिद्धेश्वरालाच ठाऊक.

आधी एक टेलरिंगचं तयार अ‍ॅप वर्षाचे पैसे भरून घेतलं होतं. नाव घेत नाही. त्यात शर्ट, पॅन्ट, कुर्ता, सूट एवढेच प्रकार. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावर आमच्याकडे पांढऱ्या बाराबंदीची, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्याची, कामं येतात. जत्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वजासोबत चालणाऱ्यांना ती लागतेच. ती लिहायची कुठे? मी 'कुर्ता' निवडला आणि बंदांचं सगळं शेऱ्यात लिहिलं. कारागिराच्या चिठ्ठीवर शेरा छापलाच गेला नाही. दोन बाराबंद्यांचं कापड सरळ कुर्त्यासारखं कापलं गेलं. कापड परत आणायला मी स्वतः चाटी गल्लीत गेलो, खिशातले पैसे घालून.

मग पोरानं फुकटातली जोडणी केली: गुगल फॉर्म, गुगल शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. मी टेप लावून बोलतो, तो मोबाइलवर फॉर्म भरतो. भरलेला फॉर्म शीटमध्ये आपोआप एक ओळ होऊन बसतो. डिलिव्हरीच्या ३ दिवस आधीची ट्रायलची तारीख शीटच काढतं. तारीख जवळ आली की ओळ पिवळी, उलटली की लाल. बाराबंदीसाठी पोरानं वेगळा भाग केला, त्यात बंद किती, कुठे, केवढे, सगळे रकाने आपल्या मनाचे. या एका गोष्टीसाठी मी त्याला चहा पाजला.

आता ते ३॥. जुन्या वहीत आम्ही साडेपंधरा १५॥ असं लिहितो. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जुन्या गिऱ्हाइकांची मापं शीटमध्ये चढवताना पोरानं दोन दंड बघितले आणि १५.२ लिहिलं. कॉलर शिवून झाली. ट्रायलला वरचं बटण लावताच गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, गळा आवळायचा विचार हाय का?" तेव्हापासून जुनं माप शीटमधून उचलायचं नाही, टेप पुन्हा लावायचा, असा नियम केलाय. तसंही वर्षात पोटं बदलतात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शनिवारच्या हिशेबाला. आमचे कारागीर पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे, नगावर काम करतात. आधी रात्री ९ नंतर दुकानात बसून बेरजा, त्यात एखादी पॅन्ट कोणाच्या खात्यात यावरून कुरबुर. आता कारागिराचं नाव आणि नग टाकला की त्याची रक्कम जमत जाते. स्वतःचा आकडा तो स्क्रीनवर बघतो. कुरबुर अजून होते, पण ती रेटवरून.

मेसेज मात्र आपोआप जात नाही, हे नीट समजून घ्या. शीटमध्ये ओळीच्या शेवटी लिंक तयार होते, ती दाबली की त्या गिऱ्हाइकाचं चॅट 'तुमचा शर्ट ट्रायलला तयार आहे' अशा मजकुरासकट उघडतं. पाठवायचं बटण आपणच दाबायचं. खरोखर आपोआप पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपची एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय, घ्यावी लागते आणि आपण होऊन पाठवलेल्या मेसेजला तिथे पैसे पडतात. आमच्या एवढ्याशा दुकानाला रोज संध्याकाळी आठ-दहा लिंका दाबणं परवडतं. बिझनेस अ‍ॅपमधली लेबलं चांगली, 'पैसे बाकी' लावून ठेवलं की उधारीवाला नजरेआड होत नाही.

गुण कापले ते दोन गोष्टींसाठी. कटिंग टेबलावर खडूच्या हातानं फोन धरवत नाही, म्हणून कागदी चिठ्ठी आजही कापडाला टाचतोच. आणि कपड्याचं बसणं कुठल्याही रकान्यात मावत नाही: एक खांदा उतरलेला, किंचित पोक, 'सैल नको पण जाणवायला नको'. त्यासाठी वही अजून टेबलाखाली आहे, नवीन घेतलीय, ह्या वेळी २०० पानी.