व्हॉर्टेक हेडला बसतो म्हणून विकलेला इनटेक मॅनिफोल्ड: माझे पैसेही गेले आणि इंजिनही उघडावं लागलं

मंडळी, जुन्या ट्रकमध्ये इंजिन बदलायचं डोक्यात असेल आणि सेकंडहँड पार्ट ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर हे नीट वाचा, मोठं झालंय पण वाचा.

मी मूळचा कराडचा, गेली 14 वर्षं इकडे टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. बाबांचं गॅरेज होतं, टाटा 407 आणि महिंद्रा जीपची कामं करायचे, त्यामुळे हाताला ग्रीस लागल्याशिवाय मला रविवार रविवार वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी 1979 ची शेव्हरोले सी-10 पिकअप घेतली. तिच्यात ओरिजिनल सहा सिलिंडरचं 250 क्युबिक इंचाचं इंजिन होतं, पार दमलेलं. ते काढून 1998 च्या टाहोमधलं 5.7 लिटरचं व्ही-8, म्हणजे एल-31 व्हॉर्टेक, भंगारवाल्याकडून आणलं. इंजिन चांगलं निघालं, त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता एल-31 ला कंपनीचं फ्युएल इंजेक्शन असतं, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणारा इंजिनवरचा भाग) पोटातच कोळ्यासारख्या नळ्या पसरलेल्या असतात. मला ते वायरिंग, कॉम्प्युटर काही नको होतं, साधा चार बॅरलचा कार्बोरेटर हवा होता. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड बदलावाच लागतो. आणि नेमकं इथंच लोक फसतात, मीही फसलो, कारण स्मॉल ब्लॉक शेव्ही (शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-8 इंजिनांचं घराणं) म्हणजे सगळं एकमेकाला बसतं असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही! 1996 च्या आधीच्या हेडला (सिलिंडरवरचं झाकण) मॅनिफोल्ड 12 बोल्टवर बसतो, बाजूला सहा-सहा. 1987 ते 95 च्या लोखंडी हेडमध्ये परत मधल्या बोल्टचा अँगल वेगळा. आणि व्हॉर्टेक हेडला, म्हणजे माझ्या इंजिनच्या हेडला, फक्त आठ बोल्ट, बाजूला चार-चार, सरळ उभे खाली जाणारे. शिवाय व्हॉर्टेकचं इनटेक पोर्ट जुन्यापेक्षा उंच असतं, त्यामुळे जुना मॅनिफोल्ड कसाबसा बसवला तरी पोर्टची वरची कड झाकली जात नाही.

नवीन मॅनिफोल्ड तीनशे डॉलरच्या वर जात होता. एका माणसाची जाहिरात दिसली, ॲल्युमिनियमचा ड्युअल प्लेन, "व्हॉर्टेकसाठी, 906 आणि 062 हेडला बसतो" (हे व्हॉर्टेक हेडवर ढाळलेले नंबर), 180 डॉलर. फोटो तीन, तिन्ही वरून काढलेले, काँक्रिटच्या फ्लोअरवर ठेवलेला मॅनिफोल्ड आणि कोपऱ्यात निळी बादली. फोनवर बोललो तर इतका गोड माणूस की काय सांगू, स्वतःहून गॅस्केटचा नंबर 1255 सांगितला, आणि तो नंबर व्हॉर्टेकसाठी बरोबरच आहे, त्यामुळे मला वाटलं याला कळतंय. खालच्या बाजूचा फोटो मागितला तर म्हणाला पॅक करून ठेवलाय, दुसरा माणूस उद्या न्यायला येतोय. मग "मित्र-नातेवाईक" ऑप्शनने, म्हणजे पैसे पाठवायच्या ॲपमध्ये खरेदी न दाखवता, पैसे पाठव म्हणाला, फी वाचते म्हणून. मी पाठवले. 40 डॉलर शिपिंगचे वेगळे.

आला तेव्हा सगळा चंदेरी रंगात रंगवलेला होता. मला तिथंच शंका यायला हवी होती, ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड कोण कशाला रंगवेल? पण चार वीकेंड हातात होते, मुलाला शब्द दिला होता की दिवाळीच्या आधी ट्रक रस्त्यावर येईल, बोल्ट गेले, थोडे तिरके गेले पण गेले, आणि मी 11 फूट-पाउंडला टाइट करून मोकळा झालो.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. पण आयडल खाली यायचं नाव घेईना, अकराशेवर वरखाली, आणि ड्रायव्हरच्या बाजूने बारीक सूं सूं आवाज. कार्ब क्लीनर मॅनिफोल्डच्या कडेला मारला की आरपीएम बदलायचा, म्हणजे व्हॅक्यूम लीक, फटीतून बाहेरची हवा आत शिरतेय (हे करताना एक्झॉस्ट गरम नको, पेट घेतं). वाटलं गॅस्केट नीट बसलं नसेल, उद्या बघू. आठवडाभर तसाच चालवला. मग एका सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. कूलंट ऑइलमध्ये उतरलं होतं.

मॅनिफोल्ड काढून बेंचवर उलटा केला आणि पेंट रिमूव्हर लावला. रंग निघाला तसं सगळं बाहेर आलं. 12 बोल्टची जुनी भोकं वेल्डिंगने बुजवलेली, त्यातली दोन तर एम-सीलसारख्या कशाने तरी भरलेली, शेजारी नवीन आठ भोकं पाडून कानशीने लांबवलेली. पुढच्या कोपऱ्यातल्या कूलंटच्या वाटेजवळच्या वेल्डला केसाएवढी चीर. पोर्टच्या वरच्या कडेला गॅस्केटची रबराची रेघ जराही दबलेली नव्हती, नख सहज जाईल इतकी फट. आणि जिथं कंपनीचा नंबर ढाळलेला असतो तिथं ग्राइंडर मारून सपाट केलेलं. म्हणजे चुकून चुकीचा पार्ट पाठवला असं नाही, बसून, वेळ घालून, दुसऱ्याचं इंजिन जाणार हे माहीत असून केलेलं काम होतं. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

सगळ्यात सोपी खूण मला तेव्हा माहीत नव्हती ती सांगतो. जुन्या मॅनिफोल्डला बाजूच्या फ्लँजवर (हेडला टेकणारी सपाट कड) बरोबर मध्यभागी एक जास्तीचं भोक असतं, एक्झॉस्टची गरम हवा कार्बोरेटरखालून नेण्यासाठी. व्हॉर्टेक हेडला ती वाटच नसते. त्यामुळे मध्ये भोक, किंवा भोक बुजवल्याचा डाग दिसला की तो जुना मॅनिफोल्ड. माझ्यात डाग होता, रंगाखाली. फ्लँजचा समोरून काढलेला फोटो मागा, बोल्टची भोकं मोजा, ढाळलेल्या नंबरचा क्लोजअप मागा, आणि 1255 गॅस्केट फ्लँजवर ठेवून फोटो काढायला सांगा. आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपन्यांच्या) हेडमध्ये काहींना दोन्ही पॅटर्नची भोकं असतात, त्यामुळे आधी आपल्या हेडचा नंबर व्हॉल्व्ह कव्हर काढून बघा. आणि काहीही झालं तरी पैसे खरेदी म्हणूनच पाठवा, मित्र-नातेवाईक म्हणून पाठवलेल्या पैशाला कसलंच संरक्षण नसतं, मी तक्रार केली तेव्हा हेच उत्तर मिळालं.

ऑइल पॅन उतरवला तेव्हा दोन मेन बेअरिंगवर तांबं दिसायला लागलं होतं. बेअरिंग, गॅस्केट, ऑइल दोनदा, नवीन मॅनिफोल्ड, सगळं धरून नऊशेच्या आसपास गेले. बाबांना फोनवर सांगितलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "अरे, वेल्ड केलेला कास्टिंगचा माल आपण गिऱ्हाइकाला कधी सांगितल्याशिवाय लावला नाही." दिवाळी गेली, ट्रक जानेवारीत रस्त्यावर आला.

मॅनिफोल्ड विकणाऱ्याने माझा नंबर ब्लॉक केला. सरकारी फसवणूक तक्रारीच्या साइटवर, एफटीसीकडे (अमेरिकेचा ग्राहक संरक्षण पाहणारा आयोग), सगळे फोटो जोडून नोंद केलीय, ते एकेकाचे पैसे मिळवून देत नाहीत पण नोंद राहते. हे आज लिहायला बसलो कारण काल रात्री तीच जाहिरात परत दिसली, नाव वेगळं, किंमत 195, तोच काँक्रिटचा फ्लोअर आणि कोपऱ्यात तीच निळी बादली.